पेपरसाठी रिव्ह्यूअर सुचवताना अनोळखी नावंच का द्यायची

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५ मध्ये मान्य जर्नलची (संशोधन नियतकालिकांची) केअर यादी बंद केली आणि तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये एकच विषय चाललाय, आता पेपर, म्हणजे शोधनिबंध, पाठवायचा कुठे. आधी यादी उघडायची, त्यात जर्नल आहे का बघायचं, झालं काम. आता जर्नल चांगलं की वाईट हे कॉलेजने, विद्यापीठाने आणि आपणच पारखायचं आहे, त्यामुळे आपल्याकडचे बरेच जण पहिल्यांदाच मोठ्या प्रकाशकांच्या वेबसाइटवर जाऊन तो लांबलचक फॉर्म भरताहेत, आणि सगळं भरून होत आलं की एक पान येतं तिथे भलेभले अडकतात: तुमच्या पेपरसाठी रिव्ह्यूअरची नावं सुचवा. कुठे तीन मागतात, कुठे पाच. नाव, संस्था, ईमेल आणि कारण.

मग फोन सुरू होतात. "मॅडम, माझी तर कोणाशीच ओळख नाही, कोणाचं नाव टाकू?" चोपडा, शहादा, साक्री, कुठूनही फोन आला तरी प्रश्न हाच असतो. आणि मी दरवेळी हेच सांगते की ओळख नाहीये ना, मग घाबरू नको, तिथे ओळख नसलेलीच माणसं हवी असतात.

हे ऐकून पोरांना धीर देण्यासाठी बोलतेय असं वाटतं, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितेय.

## आधी रिव्ह्यूअर म्हणजे कोण ते बघू

तुम्ही पेपर पाठवला की तो संपादकाकडे जातो. संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांना पाठवतो, ते वाचतात, चुका काढतात, शंका विचारतात आणि छापावा की नाही याबद्दल मत कळवतात. या जाणकारांना रिव्ह्यूअर म्हणतात आणि या सगळ्या प्रकाराला पिअर रिव्ह्यू. बहुतेक वेळा त्यांना याचा एक पैसाही मिळत नाही, आणि बहुतेक जर्नलमध्ये रिव्ह्यूअर कोण होता हे तुम्हाला कळत नाही. अंतिम निर्णय मात्र संपादकाचाच, रिव्ह्यूअर फक्त सल्ला देतो. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ही पद्धत फार जुनी आहे असं आपण धरून चालतो पण आजच्या रूपात ती तशी नवीनच आहे. लंडनचं फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स हे जर्नल १६६५ साली सुरू झालं, पण 'नेचर'सारख्या जर्नलने सुद्धा प्रत्येक पेपर बाहेरच्या माणसाला दाखवायचा नियम १९७३ मध्ये केला. १९३६ मध्ये आइन्स्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरचा पेपर फिजिकल रिव्ह्यू या जर्नलच्या संपादकाने बाहेरच्या जाणकाराला दाखवला तर आइन्स्टाइन रागावला, छापण्याआधी परस्पर दुसऱ्याला दाखवलाच कसा म्हणून पेपर परत घेतला. त्या पेपरात या लहरी नसतातच असा निष्कर्ष होता, आणि रिव्ह्यूअरने दाखवलेली चूक खरी होती. पुढच्या वर्षी तो पेपर दुसऱ्या जर्नलमध्ये आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. म्हणजे आइन्स्टाइनलाही अनोळखी वाचकाचा उपयोग झाला, आपली काय कथा.

## संपादक आपल्यालाच का विचारतो?

कारण त्याच्याकडे माणसं कमी पडतात, एवढं साधं आहे. एका संपादकाकडे केळीच्या रोगापासून ते मातीतल्या जिवाणूपर्यंत सगळं येतं, प्रत्येक कोपऱ्यातली माणसं त्याला कुठून माहीत असणार. त्यात ज्यांना विचारावं ते नाही म्हणतात, किंवा उत्तरच देत नाहीत, आणि पेपर महिनोन्महिने तसाच पडून राहतो. तुम्ही त्या विषयात दोन-तीन वर्षं घालवलीत, त्या कोपऱ्यात कोण काय करतंय हे तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून तो विचारतो.

आपल्याकडे सोयरीक जमवताना मुलाकडचे सांगतात ना, की चौकशी करायची तर आमच्या गावात अमक्याला विचारा, तमक्याला विचारा. आता त्यांनी मुलाच्या सख्ख्या मामाचं नाव सांगितलं तर मुलीचा बाप मान हलवेल पण मनात त्या साक्षीला काडीची किंमत देणार नाही, उलट हे लोक काही लपवताहेत का अशी शंका घेईल. पण शेजारच्या गल्लीतल्या, नात्यात नसलेल्या, शब्दाला जागणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं तर त्याच्या एका वाक्यावर पुढची बोलणी होतात. आणि शहाणा बाप दिलेल्या नावांपैकी एकाला विचारतो आणि आणखी एक-दोन स्वतः शोधलेल्यांनाही विचारतो. संपादक अगदी हेच करतो.

## मग कोणाची नावं द्यायची नाहीत

गाईडचं नाव नाही. गाईडच्या गाईडचं नाही. ज्यांच्यासोबत पेपर छापलाय त्यांचं नाही. किती वर्षांपूर्वीपर्यंतचं धरायचं याचा नियम जर्नलनुसार बदलतो, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये प्रस्ताव तपासणाऱ्यांसाठी सहलेखकाचं नातं ४८ महिने धरतात, साधारण तेवढं तरी आपण पाळावं. गाईडचं नातं मात्र माझ्या मते कधीच संपत नाही. आपल्याच डिपार्टमेंटचे, आपल्याच कॉलेजचे नाहीत. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, तीन जिल्ह्यांना मिळून एकच विद्यापीठ, त्यामुळे अमळनेरचे सर आणि नंदुरबारच्या मॅडम वेगळ्या कॉलेजात असले तरी अभ्यास मंडळावर, परीक्षेचे पेपर तपासायला, रिफ्रेशर कोर्सला सारखे भेटत असतात. कागदावर संस्था वेगळी दिसते पण नातं जवळचं आहे, तेव्हा तेही नको.

काही नाती पटकन डोक्यात येत नाहीत. तुमच्या पीएचडीचा बाहेरचा परीक्षक म्हणून ज्यांचं नाव गेलंय किंवा जाणार आहे त्यांचं नाव पेपरसाठी देऊ नका. ज्यांनी पेपर पाठवण्याआधी वाचून सूचना दिल्या आणि ज्यांचे आभार तुम्ही शेवटी मानलेत, त्यांचंही नको. ज्यांनी नमुने दिले, मशीन वापरू दिलं, तेही नकोत. आणि ज्याला तुमच्या निष्कर्षातून पैसा मिळणार किंवा जाणार आहे असा माणूस, समजा तुमचा पेपर रोपांवर आहे आणि तो रोपं विकणाऱ्या कंपनीत आहे, त्याला तर बिलकुल नाही.

कॉन्फरन्समध्ये एकदा भाषण ऐकलं, चहाला दोन शब्द बोललो, एवढ्याने कोणी बाद होत नाही बरं का. शंका असेल तर कारणाच्या रकान्यात लिहून टाका की यांना एका परिषदेत भेटलो आहे, बाकी संबंध नाही. संपादकाला लपवलेल्या गोष्टीचा त्रास होतो, सांगितलेल्याचा नाही.

## आणि द्यायची कोणाची? रावेरच्या केळीचं उदाहरण घेऊ

समजा तुम्ही रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीवरच्या कुकुंबर मोझॅक व्हायरसवर पेपर लिहिलाय, ज्याला आपले शेतकरी हरण्या म्हणतात. हा व्हायरस मावा किडीमार्फत पसरतो आणि काकडी, भोपळा यांच्या वेलीतही राहतो. तुम्ही शेतं फिरलात, पानं गोळा केली, लॅबमध्ये पीसीआर चाचणी करून व्हायरस ओळखला, आणि आजूबाजूला वेलवर्गीय पिकं असतील तिथे रोग जास्त दिसतो का याचं गणित मांडलं.

आता पेपरात तीन वेगळी कामं आहेत हे बघा: केळी, व्हायरस आणि आकडेमोड. बरेच जण तिन्ही नावं केळीवाल्यांचीच देतात आणि मग आकडेमोड नीट तपासणारा कोणी राहतच नाही. त्यापेक्षा एक नाव केळीच्या रोगांवर काम करणाऱ्याचं द्या, तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, तिथे याच विषयावरचे शास्त्रज्ञ आहेत, अर्थात तुम्ही त्यांच्यासोबत काम केलेलं नसेल तर. दुसरं नाव अशाचं, ज्याने केळी कधी पाहिलीही नसेल पण हाच व्हायरस काकडीत किंवा मिरचीत मावा कसा पसरवतो यावर ज्याचे पेपर आहेत, तो स्पेनचा असो की चीनचा. आणि तिसरं नाव पिकांच्या रोगांचं सर्वेक्षण आणि त्याचं संख्याशास्त्र करणाऱ्याचं. अशी तीन नावं बघितली की संपादकाला लगेच कळतं की या माणसाला आपला पेपर कशाकशाचा बनलाय ते समजलेलं आहे.

ही नावं शोधायला कुठे लांब जायला लागत नाही, ती तुमच्याच पेपराच्या शेवटी संदर्भांत असतात. ज्यांचे पेपर तुम्ही वाचून, समजून वापरलेत, विशेषतः गेल्या पाच वर्षांतले, ते बाजूला काढा. मग गूगल स्कॉलरवर जाऊन तो माणूस अजून याच विषयावर काम करतोय का ते बघा. पेपरवरचं पहिलं नाव आणि शेवटचं नाव दोन्ही बघा, शेवटचं बहुतेक गाईडचं असतं आणि पहिलं त्या विद्यार्थ्याचं ज्याने खरं हाताने काम केलं, तो आता पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा) किंवा नवा प्राध्यापक झाला असेल तर तो फार छान रिव्ह्यूअर होतो, वेळ देतो, ओळ न् ओळ वाचतो. भारतातल्यांसाठी इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचा 'विद्वान' हा डेटाबेस आहे, विषय टाकला की प्राध्यापक-शास्त्रज्ञांची माहिती मिळते. वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या पेपरसाठी 'जेन' नावाचं फुकट टूल आहे, त्यात आपला सारांश पेस्ट केला की जुळणारे लेखक दाखवतं. पण टूलने दाखवलं म्हणून तसंच उचलू नका, नाव सारखं असलेली दोन माणसं असतात, पाटील आणि चौधरी तर आपल्याकडेच किती आहेत. ऑर्किड म्हणून सोळा अंकी ओळख क्रमांक असतो, तो जुळवून बघितला की घोळ होत नाही.

अतिप्रसिद्ध नावांच्या मागे लागू नका असं मला मनापासून वाटतं. ज्याला जग ओळखतं त्याला संपादकही ओळखतोच, ते नाव सांगून तुम्ही त्याला नवीन काहीच दिलं नाही, आणि अशा माणसांना आठवड्याला इतक्या विनंत्या येतात की नकार येण्याची शक्यताच जास्त.

विषय विज्ञानाचा नसला तरी रीत हीच. अहिराणीवर पेपर लिहिलाय आणि अहिराणी येणारा रिव्ह्यूअर सापडत नाही अशी एकीची अडचण होती. तिला म्हटलं, अहिराणी येणारी माणसं तुझ्या नात्यागोत्यात, नाहीतर इथल्याच कॉलेजात आहेत, तू भिली किंवा निमाडीसारख्या जवळच्या भाषेवर काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञाचं नाव दे, क्रियापदाची रूपं मांडण्याची तुझी पद्धत बरोबर आहे का हे तो सांगू शकतो.

## ईमेल आणि कारण, या दोन रकान्यांवर वेळ घाला

ईमेल संस्थेचाच द्या, आणि तो संस्थेच्या पानावरून आज बघून द्या, जुन्या पेपरवरचा नको, माणसं नोकरी बदलतात, रिटायर होतात. आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये बऱ्याच चांगल्या प्राध्यापकांचा फक्त जीमेल असतो हे खरं आहे, अशा वेळी कॉलेजच्या ज्या पानावर तो जीमेल छापलाय त्याची लिंक कारणात टाका. ही कटकट का, ते पुढे येतंच आहे.

कारणाच्या रकान्यात "या विषयातले तज्ज्ञ" एवढंच लिहिलं तर ते न लिहिल्यासारखंच. असं काहीतरी लिहा: यांनी वेलवर्गीय पिकांत याच व्हायरसच्या माव्यामार्फत होणाऱ्या प्रसारावर काम केलं आहे, आमच्या पेपरातली नमुने घेण्याची पद्धत ते तपासू शकतील, आमचा यांच्याशी कोणताही संबंध नाही. दोन ओळी पुरेत.

आणि नाव देण्याआधी त्या माणसाला मेल करून परवानगी मागायची का, असं विचारतात. जर्नलने स्पष्ट सांगितलं नसेल तर नाही मागायची. तुम्ही मेल केलात की संबंध तयार झाला.

## "पण आपल्या माणसाने चांगलं लिहिलं तर बिघडलं काय?"

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि तो प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर देते. २००६ मध्ये १० जैववैद्यकीय जर्नलमध्ये तपासून बघितलं होतं की लेखकाने सुचवलेले आणि संपादकाने निवडलेले रिव्ह्यूअर यांच्यात काय फरक पडतो. रिव्ह्यूचा दर्जा साधारण सारखाच निघाला, पण छापा म्हणून शिफारस करण्यात सुचवलेले रिव्ह्यूअर जास्त सढळ होते. संपादकांना हे माहीत आहे. त्यामुळे ते सुचवलेल्याच्या सूचना वाचतात, पण "छापा" या शब्दावर तेवढा भर देत नाहीत. म्हणजे ओळखीच्याकडून कौतुक मिळवून हाती लागतं फार थोडं, आणि खरी चूक दाखवणारा वाचक मात्र तुम्ही गमावता. ती चूक मग पेपर छापून आल्यावर कोणीतरी सगळ्या जगासमोर दाखवतो.

आणि याची काळी बाजू आहे ती सांगायलाच हवी. २०१२ मध्ये दक्षिण कोरियातला वनौषधींवर काम करणारा एक संशोधक पकडला गेला, तो रिव्ह्यूअर म्हणून नावं द्यायचा, काही खऱ्या माणसांची काही बनावट, पण ईमेल असे द्यायचा की ते त्याच्याकडे किंवा त्याच्या माणसांकडे पोचायचे, आणि स्वतःच स्वतःच्या पेपरचे रिव्ह्यू लिहायचा. रिव्ह्यू २४ तासांच्या आत येतात म्हणून संपादकाला शंका आली, एरवी कोण इतक्या लवकर देतं. त्याचे २८ पेपर मागे घेतले गेले, म्हणजे छापलेले पेपर जर्नलने रद्द ठरवले. २०१४ मध्ये एका इंजिनिअरिंग जर्नलने असेच बनावट रिव्ह्यू करणाऱ्या टोळीचे ६० पेपर एकदम मागे घेतले, काही पेपरांवर तैवानच्या शिक्षणमंत्र्यांचं नाव सहलेखक म्हणून होतं आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. २०१७ मध्ये 'ट्यूमर बायोलॉजी' या जर्नलने १०७ पेपर मागे घेतले. म्हणूनच ईमेलची एवढी कटकट. बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाला तर २०१५ मध्ये ४३ पेपर मागे घ्यायला लागले, आणि या घोळामुळे त्यांनी फॉर्ममधून हा रकानाच काढून टाकला होता.

यातल्या काही प्रकरणांत बनावट नावं लेखकाने टाकलीच नव्हती, भाषा सुधारून पेपर सबमिट करून देणाऱ्या एजन्सीने टाकली होती. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज जाहिराती फिरतात, स्कोपस (जर्नलच्या आंतरराष्ट्रीय डेटाबेस) मधला पेपर गॅरंटीने, एवढे हजार. हात जोडून सांगते, सबमिशनचा फॉर्म दुसऱ्याच्या हातात देऊ नका आणि पासवर्ड तर अजिबात नाही. पेपर मागे घेतला गेला की एजन्सीचं नाव कुठेच नसतं, तुमचं आणि कॉलेजचं असतं, आणि एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीत २०२५ पासून, मागे घेतलेल्या पेपरांचे गुण संस्थेच्या खात्यातून कापायला सुरुवात झाली आहे.

## "अनोळखी माणसाने आमची कल्पना चोरली तर?"

भीती खोटी नाही, असं घडल्याची उदाहरणं आहेत, पण ती थोडी आहेत. पेपर गुप्त ठेवणं रिव्ह्यूअरवर बंधनकारक असतं, कोप नावाची १९९७ पासूनची प्रकाशन नैतिकतेची समिती आहे, तिच्या नियमांत हे स्पष्ट आहे. तरी धास्ती वाटत असेल तर जर्नल चालवून घेत असेल तिथे पेपर आधी प्रीप्रिंट म्हणून टाका, म्हणजे रिव्ह्यूच्या आधीच सर्वांसाठी खुला करायचा, भौतिकशास्त्रासाठी आर्काइव्ह ही वेबसाइट १९९१ पासून आहे, जीवशास्त्रासाठी बायोआर्काइव्ह २०१३ पासून. तारखेसकट तुमचं काम नोंदलं जातं.

याशिवाय बऱ्याच फॉर्ममध्ये नको असलेल्या रिव्ह्यूअरचा रकाना पण असतो. अगदी तुमच्याच प्रश्नावर कोणी शर्यतीत असेल किंवा खरंच वैर असेल तर एखाद-दुसरं नाव द्या, कारण एका ओळीत, तक्रारीचा सूर न लावता. ज्याचं तुमच्याशी फक्त मत जुळत नाही त्याला मात्र तिथे टाकू नका. उलट त्याचं नाव सुचवलेल्यांत द्यायची हिंमत केली आणि त्याने पेपर पास केला, तर त्या पेपराला वेगळंच वजन येतं.

## "दिलेली नावं घेतच नाहीत, मग एवढी मेहनत कशाला?"

बऱ्याचदा घेत नाहीत, खरं आहे. कधी तिघांपैकी एक घेतात, कधी एकही नाही. पण तुमची नावं बघून संपादकाला पेपर कोणत्या गल्लीतला आहे ते कळतं, त्या नावांच्या आसपासचे लोक तो शोधतो, आणि विषय समजणाऱ्या माणसाकडे पेपर जाण्याची शक्यता वाढते. लहान गावातल्या कॉलेजमधून गेलेल्या पेपरला विषय न समजणाऱ्या रिव्ह्यूअरने दोन ओळीत फेकून द्यावं यासारखं वाईट काही नाही, आणि ते टाळायला आपल्या हातात जे मोजकं आहे त्यात हा रकाना येतो. पेपर लिहायला दोन वर्षं दिलीत तर याला एक आख्खी संध्याकाळ द्या.

पेपर छापून आला की काही महिन्यांनी तुम्हालाही मेल येईल, अमक्या पेपरचा रिव्ह्यू कराल का. तो जाहिरातीचा समजून डिलीट करू नका, आधी जर्नल खरं आहे का तेवढं बघा. जमत असेल तर हो म्हणा, नसेल तर दोन दिवसांत नाही कळवा, आणि नाही म्हणताना तुमच्या माहितीतल्या, पण तुमच्या नात्यातल्या नसलेल्या दोन जाणकारांची नावं संस्थेच्या ईमेलसकट पाठवून द्या.